काळ आणि वेळ

कोठे आग लागली की चौकशी सुरू होते ती एकाच प्रश्नाने : कशाने लागली? न विझवता टाकलेली बिडी, उघडी पडलेली विजेची तार, वाऱ्याने कललेली समई, असे काही एक सापडले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि चौकशी तेथेच थांबते. तो कापूस तेथे किती दिवस कोंडून पडला होता, त्याच्या शेजारी तेलाचे पिंप कोणी ठेवले, हे प्रश्न मागाहून, आणि तेही कोणी चिकित्सक निघालाच तर, विचारले जातात. माणसांमाणसांतील आगींविषयीही आपली रीत हीच आहे. दोन भाऊ वेगळे झाले तर आपण विचारतो, 'कशावरून?' आणि कोणी सांगतो, 'वाटणीतल्या एका घंगाळावरून.' घंगाळाने घर फोडले असे म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो.

आपल्या नैयायिकांनी कारणाचे प्रकार पाडताना घटाचे उदाहरण घेतले आहे. माती हे घटाचे समवायी कारण. कुंभार, त्याचे चाक, त्याचा दंड ही निमित्तकारणे. मराठीत हा 'निमित्त' शब्द झिजत झिजत सबबीच्या जवळ येऊन पोहोचला आहे. 'काही तरी निमित्त झाले आणि गेला' असे आपण म्हणतो, तेव्हा खरे कारण दुसरेच होते हे त्यात गृहीतच असते. तरीही दोष वाटण्याचा प्रसंग आला की आपण निमित्तालाच पुरते कारण करून टाकतो. हे केवळ अज्ञानाने होते, की त्यात आपला काही स्वार्थ गुंतलेला असतो, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे सतावीत आला आहे. त्याचा विचार करताना साहाय्य झाले ते एका अगदी वेगळ्या शास्त्राचे. इंधन पेटते कसे, हे ते शास्त्र शोधीत असते.

पेटणे म्हणजे ठिणगी पडणे, अशी आपली साधी समजूत. परंतु डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसतेच. रूडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९० नंतरच्या दशकात जे यंत्र सिद्ध केले, त्यात दट्ट्याने हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. तेवढ्या दाबानेच ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. मग त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडतात आणि ते आपोआप पेटते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ते तत्क्षणी पेटत नाही. फवारा आत गेला आणि ज्वाला उठली या दोहोंमध्ये एक अवधी जातो. एंजिनात तो बहुधा एक-दोन सहस्रांश सेकंदांचा असतो. या अवधीला प्रज्वलन-विलंब असे म्हणता येईल. इंधन-प्रज्वलनाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः या विलंबाचा अभ्यास होय.

प्रत्यक्ष एंजिनात हा अवधी नीट मोजता येत नाही. तेथे हवेची खळबळ असते, थेंब असतात, भिंती निवत-तापत असतात. म्हणून अभ्यासकांनी पेटण्याची क्रिया वेगळी काढून पाहण्याची साधने योजिली. एक साधन म्हणजे शीघ्र संपीडन यंत्र. इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरात भरायचे, काही शतांश सेकंदांत दट्ट्या आत लोटायचा, आणि नेमक्या जागी तो अडकवून ठेवायचा. मिश्रण तापलेले, दाबलेले, स्थिर. आता केवळ वाट पाहायची. दुसरे साधन आघात-नलिकेचे. तिचा मूळ प्रयोग पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली केला. एक लांब पोलादी नळी, मध्ये एक पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूस हीलियमसारखा वायू भारी दाबाखाली कोंडलेला असतो, दुसऱ्या बाजूस पुष्कळशा आर्गॉनमध्ये मिसळलेले थोडेसे इंधन व प्राणवायू. पडदा फाटतो. ध्वनीहून अधिक वेगाने आघात-तरंग नळीतून धावतो, टोकाच्या भिंतीवर आदळून परततो, आणि त्या टोकाशी असलेला वायू सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतक्या अवधीत हजार-दीड हजार अंशांपर्यंत तापतो. आपल्या देशात बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा नलिका आहेत.

टोकाच्या भिंतीत दाब मोजणारा एक संवेदक बसविलेला असतो, आणि ज्वाला उठताच निर्माण होणाऱ्या विशिष्ट अतिनील प्रकाशावर नजर ठेवणारा दुसरा. त्यांची नोंद रेषेच्या रूपाने उमटते. आघात-तरंग परतला त्या क्षणी दाबाची रेषा एक पायरी चढते. मग ती सपाट जाते. मग एकाएकी ताडासारखी उभी राहते. या सपाट तुकड्याची लांबी म्हणजे प्रज्वलन-विलंब. अननुभवी माणूस ही नोंद पाहील तर म्हणेल की, प्रारंभी काही घडले, शेवटी काही घडले, मध्ये काहीच घडले नाही. अभ्यासक मात्र आपले सारे आयुष्य त्या मधल्या सपाट तुकड्यावर खर्चितात.

त्या तुकड्यात काय घडते याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लेनिनग्राड येथे निकोलाय सेम्योनॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत १९२० नंतरच्या दशकात फॉस्फरसच्या वाफेवर प्रयोग चालू होते. प्राणवायूचा दाब एका मर्यादेच्या खाली असेपर्यंत ती वाफ पेटत नसे. मर्यादा किंचित ओलांडली की भडका उडे. त्यातून सेम्योनॉव्ह यांनी शाखायुक्त शृंखला-विक्रियेची उपपत्ती मांडली. इंग्लंडमध्ये सिरिल हिन्शेलवुड हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगाचा अभ्यास करून तशाच निष्कर्षास पोहोचले, आणि १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळून देण्यात आले. तापलेल्या मिश्रणात काही रेणूंचे तुकडे होतात. हे तुकडे, म्हणजे मुक्त मूलके, अतिशय क्रियाशील असतात. एक मूलक दुसऱ्या रेणूवर आदळून दोन मूलके निर्माण करते, दोहोंची चार होतात. काही पात्राच्या भिंतीवर आदळून नाहीशी होतात. जोपर्यंत मरणाऱ्यांची संख्या जन्मणाऱ्यांच्या बरोबरीची असते, तोपर्यंत सारे शांत. तोल सुटला की काही दशलक्षांश सेकंदांत ज्वाला.

पेट्रोल-डिझेलसारख्या इंधनांत तर या शांततेलाही पोट असते. औषधांच्या दुकानात जखमा धुण्यासाठी जे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, तेच मध्यम तापमानास त्या मिश्रणात साचत राहते. साधारण सातशे अंशांच्या आसपास त्याचे रेणू झपाट्याने दुभंगू लागतात आणि प्रत्येकातून दोन मूलके बाहेर पडतात. त्याहून आधीही कधी कधी एक फिकट निळसर ज्वाला येऊन जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हंफ्री डेव्ही यांना प्रथम दिसलेली ही शीत ज्वाला इतकी सौम्य असते की तिने बोट पोळत नाही. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की, चारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान एका टप्प्यात अनेक इंधने अधिक तापविली असता लवकर न पेटता उशिरा पेटतात. ताप वाढतो आणि शांतताही वाढते.

या विलंबाचा व्यावहारिक अर्थ डिझेल एंजिनाच्या कारागिरांस चांगला ठाऊक असतो. फवारा सुरू झाल्यावर इंधन लवकर पेटले तर ते येत जाते तसतसे जळत जाते, आणि एंजिन सुरळीत चालते. विलंब लांबला तर मधल्या काळात आत येणारे इंधन साचत राहते, आणि मग ते सारे एकदम पेटून एंजिनात ठोके बसू लागतात. म्हणून डिझेलची प्रत सीटेन अंकाने ठरवितात. अंक जितका मोठा तितका विलंब थोडा. आपल्या देशात सध्याच्या मानकाप्रमाणे तो निदान ५१ असावा लागतो. सारांश, उशीर झाल्याने आग टळत नाही. उशिराच्या काळात इंधन पडतच राहिले असेल, तर उशिरा आलेली आग अधिक घातक असते.

मराठीत एक म्हण आहे : काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. संकटातून बचावलेल्या माणसाविषयी आपण ती वापरतो. काळ आणि वेळ हे शब्द एरवी समानार्थी. परंतु ही म्हण त्यांत भेद करते, आणि तो भेद प्रयोगशाळेतल्या त्या सपाट रेषेसारखाच आहे. काळ येतो तेव्हा रेषा एक पायरी चढते. वेळ येते तेव्हा ती उभी राहते. म्हणीत मात्र या मधल्या अंतराला आपण दैव मानतो. आमचे म्हणणे असे की, नीतीचा सारा व्यवहार त्या अंतरातच घडतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टाइकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा व स्फोटके होती, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी कापसातून धूर निघताना दिसला. पहिला प्रचंड स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. त्या दिवशी शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर तो दिवस पाळला जातो. पुढे चौकशी झाली, बिडी-सिगारेटची चर्चा झाली. पण ती पहिली ठिणगी सापडली असती तरी त्यातून काय कळले असते? कापूस आणि स्फोटके एका जहाजात भरण्याचा निर्णय त्या ठिणगीने घेतला नव्हता. धूर दिसल्यापासून सुमारे दोन तास गेले. त्या अवधीत जहाज समुद्रात न्यावे, की जागीच बुडवावे, की पाण्याचा मारा चालू ठेवावा, याविषयी अधिकाऱ्यांची मते जुळली नाहीत, आणि जवान पाणी मारीत राहिले. काळ आला होता आणि वेळ यायची होती. मधले दोन तास माणसांच्या हाती होते.

परंतु मोठ्या दुर्घटनांवर बोलणे सोपे असते, कारण तेथे आपण नसतो. जेथे आम्ही होतो तेथील हकीकत सांगितल्याविना या लेखाचा हेतू पुरा होणार नाही.

१९८१ साली आम्ही इंदुरास एका वाड्यात भाड्याने राहत होतो. वाड्यात आठ बिऱ्हाडे. स्वयंपाकघरे एका ओळीत, आणि त्यांमधल्या भिंती छतापर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या. शेजारच्या फोडणीचा वास आणि शेजारचे बोलणे दोन्ही वरून येत. बहुतेक घरी पंपाचा स्टोव्ह असे. तो पेटविण्यासही विलंबाचे शास्त्र लागे. काकड्याने बर्नर आधी पुरता तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ न होता धार उडे आणि पिवळा भडका उठे.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी सून आली ती खानदेशाकडची. पहिल्या वर्षी ती नळावर येई तेव्हा गावच्या गोष्टी सांगे आणि मोकळेपणी हसे. भिंतीवरून मग स्कूटरचा विषय ऐकू येऊ लागला. तिच्या वडिलांनी कबूल केलेली स्कूटर आली नव्हती. कोणी ओरडत नसे. सासूबाईंचा स्वर तर नेहमी जपाच्या मण्यांसारखा एकसारखा. दुसऱ्या वर्षी सुनेचे बोलणे कमी झाले. तिसऱ्या वर्षी ती 'हो काकू', 'नाही काकू' एवढेच बोले. आम्ही वाड्यातली माणसे म्हणालो, 'सूनबाई आता छान रुळली.' बोलणी वाढत होती आणि ती अधिकाधिक शांत होत होती, याचा अर्थ आम्हांस लावता आला नाही. खरे सांगायचे तर तो आम्ही लावला नाही.

एका सकाळी ती भाजून गेली. दुपारपर्यंत साऱ्या वाड्याच्या तोंडी एकच वाक्य होते : 'स्टोव्हने घात केला हो!' हवालदार आला, पंचनामा झाला. आम्ही शिकलेले आणि नोकरदार, म्हणून पंच झालो. स्टोव्ह शाबूत आहे, टाकी फुटलेली नाही, हे त्या पंचनाम्यात लिहिले होते आणि त्याखाली आमची सही होती. हवालदाराने विचारले, 'घरात काही भांडणतंटा?' आम्ही उत्तर दिले, 'मोठा आवाज कधी ऐकला नाही.' हे उत्तर अक्षरशः खरे होते. प्रकरण अपघात म्हणून मिटले. ती स्वतः जळाली, की तिला जाळले, की खरोखरच स्टोव्ह भडकला, याचा निर्णय आम्ही येथे करू इच्छीत नाही. तो अधिकार आम्हांस नाही. पण तिन्हींपैकी काहीही खरे असले तरी तीन वर्षांची ती सपाट रेषा आमच्या डोळ्यांपुढे होती, आणि विचारले असता आम्ही फक्त स्टोव्हविषयी बोललो.

निमित्ताला कारण करण्यात आपला स्वार्थ काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. निमित्त क्षणाचे असते, आणि त्या क्षणी आपण तेथे नसतो. कारण वर्षांचे असते, आणि त्या वर्षांत आपण भिंतीपलीकडे जेवत असतो. स्टोव्हला दोष दिला की दोषाचा हिशेब एका क्षणावर संपतो, आणि आपण सारे निर्दोष ठरतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, दोष असा पसरवीत गेले तर तो कोणाचाच उरणार नाही. काडी ओढणारा म्हणेल, हवाच तापलेली होती. हे भय खरे आहे. पण त्याचे निराकरण आपल्या कायद्याने, उशिरा का होईना, बऱ्याच अंशी केले आहे. १९८६ साली भारतीय दंड संहितेत कलम ३०४-ब घालण्यात आले. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा मृत्यू भाजून, शारीरिक इजेने किंवा अन्य अस्वाभाविक रीतीने झाला, आणि मृत्यूपूर्वी लगतच्या काळात हुंड्यापायी पती वा सासरच्यांकडून तिचा छळ झाल्याचे दाखविता आले, तर तो हुंडाबळी मानावा. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. काडी कोणी ओढली हे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मिळालाच पाहिजे, असा आग्रह येथे उरला नाही. कायदा सात वर्षांच्या रेषेकडे पाहू लागला. न्यायालयांनी मात्र छळ व मृत्यू यांच्यामध्ये जिवंत दुवा असला पाहिजे असेही बजाविले. म्हणजे दोष मागे नेता येतो, आणि तरीही तो वाटेल त्याच्यावर सांडत नाही. छळणाऱ्याचा अपराध वेगळा, आणि ऐकून गप्प बसणाऱ्याचे उणेपण वेगळे. दुसरे मान्य केल्याने पहिले हलके होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. रेणूला मन नाही, माणसाला आहे. तेव्हा आघात-नलिकेतील न्याय माणसाला लावणे अयोग्य. हा आक्षेप आम्हांस पूर्णतः मान्य आहे, किंबहुना आमचा मुद्दा त्यावरच उभा आहे. नळीतल्या वायूला विलंब काही उपयोगाचा नसतो. तापमान, दाब आणि मिश्रण ठरले की विलंबही ठरला. प्रयोग शंभरदा केला तरी रेषा जवळजवळ त्याच जागी उभी राहील. माणसांच्या बाबतीत ती रेषा केव्हा उभी राहील, किंबहुना राहील की नाही, हे ठरलेले नसते. कोणी दार ठोठावू शकतो. कोणी माहेरी पत्र टाकू शकतो. नळावर कोणी विचारू शकते, 'काय गं, हल्ली बोलत नाहीस?' सेम्योनॉव्ह यांच्या पात्रात भिंतीवर आदळलेली मूलके निमतात आणि त्यामुळे आग टळते. आमच्या वाड्यातल्या भिंतीला कान होते. त्या कानांनी जे ऐकले ते तेथेच निमवावे एवढे त्यांच्याकडून झाले नाही.

आता इंदुरातला तो वाडा पाडला गेला आहे. घरोघर गॅस आला, आणि पंपाचे स्टोव्ह मोडीत गेले. ज्याला दोष देत होतो ते निमित्तच नाहीसे झाले. कारणे नाहीशी झाली असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. नव्या इमारतींत भिंती छतापर्यंत पोहोचलेल्या असतात. पलीकडचे आम्हांस ऐकू आले नाही, हे उत्तर यापुढे खरेही असू शकेल. तेव्हा आपण होऊन दार ठोठावून विचारावे लागेल. ते दार आपल्या दाराच्या समोरच असते.